पाक धरायच्या आत

"नाटकं करते तो, सर. आत्ता सुट्टीत हसला-खेळला, अन् गणिताचा तास आला का पाय दुखते म्हणते."

मागच्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेत एका शिक्षकांनी मला हे सांगितलं. सहावीतला पोरगा व्हरांड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याचा 'एसएस पॅटर्न' आहे, म्हणजे त्याला सिकलसेलचा आजार आहे, हे शाळेला ठाऊक होतं. तरी तासात बाटली उघडायची नाही आणि लघवीला मधल्या सुट्टीतच जायचं, हे नियम त्यालाही लागू होते. शिक्षक वाईट नव्हते. दुखणं असं मिनिटांत कसं उतरतं-चढतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हिमोग्लोबिन आपण शाळेत शिकलो आहोत: लाल पेशींमधलं, प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या मण्याऐवजी व्हॅलिन हा मणी आला की सिकलसेल होतो. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका बदल हुडकला. व्हॅलिन तेलासारखं, पाण्याला टाळणारं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतं. रेणूला रेणू लागतो, 14 पदरांचा दोर वळला जातो आणि पेशी विळ्यासारखी वाकून ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. दुखतं ते तिथे.

आता मला सगळ्यांत आवडणारा भाग. दोर लगेच वळत नाही. तिळगुळाचा पाक आठवा. कढई उतरवल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम पाक धरतो. इथेही तसंच. पहिले काही रेणू एकत्र येऊन बीज तयार व्हायला वेळ लागतो. ते झालं की पुढचं झपाट्याने होतं. विल्यम ईटन, जेम्स हॉफ्रिक्टर आणि फिलिप रॉस यांनी 1974 साली हा 'थांबण्याचा वेळ' मोजला. बारीक वाहिनीतून पार व्हायला पेशीला साधारण सेकंदभर लागतो आणि काही सेकंदांत ती फुप्फुसात परत येऊन पुन्हा प्राणवायू घेते. पाक धरायच्या आत पोचली तर काहीच बिघडत नाही. आजारी मुलाच्या बहुतेक पेशी ही शर्यत जिंकतात, म्हणून तो हसतो-खेळतो.

पण हा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो. दाटपणाचा जवळजवळ तिसावा घात! 1.05 ला स्वतःनेच तीस वेळा गुणून पाहा, उत्तर चारच्या वर येतं. म्हणजे पेशीतलं पाणी थोडं कमी होऊन दाटपणा फक्त 5 टक्के वाढला, तरी थांबण्याचा वेळ चौथाईवर येतो. जी पेशी निसटून गेली असती, ती वाटेतच धरते.

आता ती बाटली पाहा. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवता येत नाही, त्यामुळे त्यांना जास्त लघवी होते आणि जास्त पाणी लागतं. तासात बाटली बंद ठेवणं म्हणजे पाक आटवणं. पावसात भिजल्यावर किंवा थंड पाण्याने अंघोळ केल्यावर वाहिन्या आकसतात, पेशी रेंगाळते आणि शर्यत हरते. मे महिन्यात आई-बाप तेंदूपत्त्याला जंगलात जातात तेव्हा मागे राहिलेल्या लेकराला दर तासाला पाणी पाजणारी शेजारीण त्या कुटुंबाला खरा आधार देत असते.

हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळीही इथेच काम करते. ती बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. ते दोरात सामील होत नाही, म्हणून तर पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसतं. गोळीने पेशीही थोडी मोठी होते, म्हणजे पाक पातळ होतो. मोबाईलवर 'सिकलसेलवर कायमचा इलाज सापडला' असे संदेश फिरतात. जनुक-उपचाराला 2023 साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली हे खरं, पण अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. त्या संदेशाच्या भरवशावर रोजची गोळी थांबवू नका. रक्तशुद्धीचा काढा आणि उतारा यांनी रेणूतलं व्हॅलिन बदलत नाही. 'आईच्या रक्तातच दोष' म्हणणाऱ्यांना तर मी तोंडावर सांगतो, एसएस मुलाला एक जनुक आईकडून येतं आणि एक बापाकडून.

उशीर परवडत नाही अशा दोन गोष्टी. एक ताप. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, मग जंतूंशी लढणारं एक ठाणंच उठतं. 101 फॅरनहाइटचा ताप आला की रात्र असो वा पाऊस, दवाखाना गाठायचा. गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवणं हे काकाचं, मामाचं काम. दुसरी गोष्ट, लहान मुलांत हीच प्लीहा, आपल्याकडची पानथरी, अचानक रक्त साठून फुगते. जमैकामध्ये आयांना डाव्या बरगडीखाली हात ठेवून ती चाचपायला शिकवलं आणि मुलांचे मृत्यू घटले.

संध्याकाळी मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईला पानथरी कशी चाचपायची ते दाखवलं. तिने दोनदा हात ठेवून पाहिला. मग चुलीजवळ खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीकडे बघून विचारलं, "मंग लहानीची बी तपासणी करा लागते का?"

करा लागते. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे सिकलसेलचं एकेकच जनुक असलेले, असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते, आणि पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराला जाता जाता प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबायचं, असं तिने नवऱ्याला तिथेच सांगितलं.