उत्तर नको, उत्तराचं कारण सांग: गणिती कोड्यांतून तर्क शिकवण्याची पार्श्वभूमी

मुलांना लॉजिकल विचार करायला शिकवायचं तर गणिताची कोडी घाला, हे हल्ली प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतं आणि गल्लीतल्या क्लासच्या बोर्डावरही. पण नुसती कोडी घालणं वेगळं आणि कोड्यांतून तर्क शिकवणं वेगळं. हे दुसरं काम कुणी, कुठे आणि कसं सुरू केलं हे शिक्षकांनी आणि पालकांनी माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

कोडी तशी फार जुनी. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची, त्यात तो साप आणि मोराचा प्रश्न आहे बघा, ९ हात उंच खांब, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ, वर मोर बसलेला, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय, मोर झेप घेतो आणि दोघं सारखंच अंतर कापून भेटतात, तर बिळापासून किती हातांवर? १२ हातांवर. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ उभारल्याची नोंद आहे, म्हणजे हे नुसतं करमणुकीचं नव्हतं, रीतसर शिकवलं जात होतं. युरोपातही लांडगा, शेळी आणि कोबी होडीतून पलीकडे न्यायचं कोडं हजार वर्षांहून जुनं आहे.

पण आजच्या ऑलिंपियाड (गणिताच्या स्पर्धा), मॅथ सर्कल (मुलांनी जमून गणितं सोडवायची मंडळं) वगैरेचं मूळ शोधायला गेलं की गाडी येऊन थांबते हंगेरीत, १८९४ साली. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. ग्योर गावातल्या दानिएल अरान्य नावाच्या शाळामास्तरांनी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं, कोमाल. आणि हंगेरीच्या गणित-भौतिकी मंडळाने शाळा नुकतीच संपवलेल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली, मंडळाचे अध्यक्ष लोरांड ओत्वोश शिक्षणमंत्री झाले त्यांच्या सन्मानार्थ. स्पर्धेत प्रश्न फक्त तीन. पुस्तकं, वह्या सोबत नेली तरी चालायचं, कारण पुस्तकात बघून सुटतील असे ते प्रश्नच नव्हते. सूत्र पाठ आहे की नाही हे कुणी तपासतच नव्हतं.

मला स्वतःला मासिकाची गोष्ट जास्त मोलाची वाटते. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी घरी बसून हवा तेवढा विचार करायचा, पूर्ण उत्तर कारणांसकट लिहून पोस्टाने पाठवायचं, मग चांगली उत्तरं त्या मुलाच्या नावानिशी छापून यायची आणि पुढे पुढे तर नेमाने सोडवणाऱ्यांचे फोटोसुद्धा. विचार करा, कुठल्या तरी आडगावातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, त्याने केलेली सिद्धता देशभरातली मुलं वाचतायत. १८९६ पासून १९१४ पर्यंत हे मासिक लास्लो राट्स यांनी चालवलं, तेही शाळेतले शिक्षकच, बुडापेस्टच्या लुथरन शाळेतले, पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती जॉन फॉन नॉयमन आणि भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर त्यांचे विद्यार्थी. एवढ्याशा देशातून इतके मोठे गणिती आणि शास्त्रज्ञ आले त्याला कारणं बरीच असतील, पण ही सवय त्यातलं एक आहे असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्याचं खरं फळ बघायचं तर १९३३ च्या आसपासचं बुडापेस्ट बघा. कोमालचे प्रश्न सोडवत मोठी झालेली काही मुलं, पॉल एर्डिश, जॉर्ज सेकेरेश, एस्थर क्लाइन आणि अजून काही जण, बागेत एका पुतळ्याशी जमायची आणि एकमेकांना कोडी घालायची. बहुतेक ज्यू होती, त्यांच्यासाठी युनिव्हर्सिटीत १९२० च्या कायद्याने मर्यादित जागा होत्या. एके दिवशी एस्थरने विचारलं, कागदावर कुठेही पाच ठिपके द्या, कुठलेही तीन एका रेषेत नकोत, तर त्यातले चार असे नेहमीच निवडता येतात की त्यांचा बहिर्वक्र चौकोन होतो, म्हणजे कोपरा आत न घुसलेला, हे दाखवा.

हे कोडं आठवीतल्या मुलालाही देता येतं. पाचही ठिपक्यांभोवती रबरबँड ताणून बसवलाय असं समजा. तो चार किंवा पाच ठिपक्यांवर अडकला तर काम झालंच, त्यातले चार घ्या. तीनच ठिपक्यांवर अडकला तर त्रिकोण झाला आणि दोन ठिपके आत राहिले. आता आतल्या दोघांमधून सरळ रेषा काढा, त्रिकोणाचे तीन कोपरे, त्यामुळे दोन कोपरे रेषेच्या एका बाजूला येणारच. ते दोन कोपरे आणि आतले दोन ठिपके, झाला चौकोन. यात आकडेमोड शून्य आहे, सगळं काम 'किती शक्यता आहेत आणि प्रत्येकीत काय होतं' यावर चाललंय. लॉजिकल रिझनिंग म्हणतात ते हेच.

पुढे सेकेरेशने दाखवलं की नुसता चौकोनच काय, पाच कोन, सहा कोन, हवे तेवढे कोन मागा, ठिपके पुरेसे असले की तशी आकृती सापडतेच. १९३७ मध्ये एस्थर आणि जॉर्जचं लग्न झालं, म्हणून एर्डिशने या प्रश्नाला हॅपी एंडिंग प्रॉब्लेम म्हटलं. ज्यूंच्या छळातून सुटायला दोघं शांघायला निसटले, नंतर ऑस्ट्रेलियात गेले, आणि २००५ मध्ये एकाच दिवशी तासाभराच्या अंतराने वारले.

सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला १९३४ मध्ये आणि मॉस्कोला १९३५ मध्ये ऑलिंपियाड सुरू झाल्या, जोडीला युनिव्हर्सिटीत शाळकरी मुलांची मंडळं. आधी तिथे प्राध्यापक भाषण द्यायचे आणि मुलं ऐकायची. मग डेव्हिड श्क्ल्यार्स्की नावाच्या तरुणाने हे उलटं केलं, भाषण थोडक्यात उरकायचं आणि बाकी वेळ मुलांनी प्रश्न सोडवून सगळ्यांसमोर समजावून सांगायचे. तो महायुद्धात मारला गेला, तिशीही गाठली नाही, पण पद्धत टिकली. लेनिनग्राडला तर शेवटची फेरीच तोंडी असायची, मुलाने परीक्षकाला आपलं उत्तर पटवून द्यायचं. १९५९ ला रोमानियात पहिली आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड झाली, आले होते फक्त सात देश.

आपल्याकडे बंगळूरला पी. एल. भटनागर यांनी १९६८ मध्ये अशी स्पर्धा घेतली, अणुऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाने १९८६ पासून देशपातळीवर काम हातात घेतलं, १९८९ ला भारताचा संघ पहिल्यांदा बाहेर गेला आणि १९९६ ची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड तर मुंबईतच झाली. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था सुरू केली.

आणि देवळालीचे कापरेकर मास्तर विसरून कसं चालेल. त्यांचा ६१७४, म्हणजे चार अंकी आकड्याचे अंक उलटसुलट लावून वजाबाक्या करत गेलं की शेवटी येणारा आकडा, सगळ्यांना माहीत असतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि विषय तिथेच संपतो. वर्गात त्याचा तीन अंकी धाकटा भाऊ घ्या. कुठलाही तीन अंकी आकडा, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, परत तेच करा (अंक कमी पडले तर पुढे शून्य लावा), शेवटी ४९५ येतोच. आता विचारा, का? वजाबाकी नेहमी ९९ गुणिले (सर्वात मोठा अंक वजा सर्वात लहान अंक) एवढीच येते, हा फरक १ ते ९ मधलाच असणार, म्हणजे पहिल्याच पायरीनंतर फक्त नऊ आकडे शिल्लक, ९९, १९८, २९७ असे ८९१ पर्यंत. नऊच्या नऊ तपासा, संपलं. सहावीतला मुलगा वहीवर पूर्ण सिद्धता लिहू शकतो.

आपल्या स्कॉलरशिपने, आधी चौथी-सातवीच्या आणि मधली काही वर्षं पाचवी-आठवीच्या, बुद्धिमत्ता चाचणी खेड्यापाड्यातल्या शाळांपर्यंत नेली, हे काम खरंच मोठं आहे. पण तिथे चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा. ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीतही आता ३० प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर ०० ते ९९ मधला एक आकडा, कारण मुलं प्रचंड आणि पेपर तपासायला माणसं कमी, ही अडचण खरी आहे. पुढच्या फेऱ्यांत मात्र सहा-सहा प्रश्न, तासन् तास वेळ आणि पूर्ण उत्तर लिहायचं. तोवर 'का' हे एकदाही न लिहिलेली हुशार मुलं तिथे पोचतात आणि कोऱ्या कागदासमोर अडतात. मासिकाचा प्रश्न, महिनाभराचा वेळ आणि वाचणारा एक शिक्षक, एवढं तर पाचवीपासून कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे, त्याला परीक्षा लागत नाही की फी लागत नाही.