इलेक्ट्रिक गाडी परवडते का? आधी पार्किंग बघा

संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मानपाड्याहून कासारवडवलीला निघालं की क्लच, पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा क्लच. गाडी जागची हलत नाही, पण पेट्रोलचं इंजिन धडधडतच असतं आणि नुसतं उभं राहून पेट्रोल जाळतं. इलेक्ट्रिक गाडी थांबली की मोटरही थांबते. वीज लागते ती मुख्यतः एसीला. ब्रेक दाबला की हीच मोटर जनित्र होते आणि गाडीच्या वेगातली थोडी ऊर्जा बॅटरीत परत भरते. म्हणून घोडबंदरच्या ज्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल गाडीचं मायलेज कोसळतं, तिथेच इलेक्ट्रिक गाडी खरी कामाला येते.

मग ती पेट्रोल गाडीपेक्षा महाग का? बॅटरीमुळे. २०१० साली लिथियम-आयन बॅटरीत एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेला हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत. २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आली. निकेल-कोबाल्टऐवजी लोह आणि फॉस्फेट वापरणाऱ्या बॅटऱ्यांचा यात मोठा वाटा आहे. त्या वजनाला जड, पण स्वस्त आणि टिकाऊ. तरी छोट्या गाडीच्या २४ युनिटच्या बॅटरीचे या दराने सव्वादोन लाखांच्या वर होतातच. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के. पण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याही स्वस्त झाल्या.

आता हिशोब मांडू. किमतीतला फरक अडीच लाख धरा. शंभरच्या वरचं पेट्रोल आणि शहरातलं १५ चं मायलेज म्हणजे किलोमीटरला सात रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सातेक किलोमीटर जाते. घरची वीज दहा रुपये युनिट धरली तर किलोमीटरला दीड रुपया. साडेपाच रुपये वाचले, म्हणजे साधारण ४५ हजार किलोमीटरला फरक फिटतो. रोज ठाणे-ऐरोली ये-जा करून वर्षाला नऊ हजार होत असतील तर पाच वर्षं. गाडी फक्त रविवारी निघत असेल तर हा सौदा करू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

आणि घरी चार्जिंग नसेल तर? बाहेरच्या चार्जरवर युनिटला वीस रुपये गेले की किलोमीटरला तीन रुपये पडतात, फरक फिटायला ६० हजारांच्या पुढे जावं लागतं. वास्तविक घरच्या चार्जिंगला लागतो १५ अँपिअरचा साधा पॉइंट. तो सव्वातीन किलोवॅट ओढतो, म्हणजे दीड गीझर, आणि रात्रभरात गाडी भरते. आमच्या सोसायटीत मीटर रूमपासून माझ्या पार्किंगच्या खांबापर्यंत बासष्ट पावलं आहेत. तेवढी केबल टाकायच्या परवानगीला सात महिने गेले. वायरमनचं काम मात्र एका दुपारीच उरकलं.