पंढरीच्या गाभाऱ्यातला हक्क : पार्श्वभूमी

विठ्ठलाच्या पायांवर कोणीही डोके टेकवू शकतो. मधे मंत्र लागत नाही, दक्षिणा लागत नाही. वारकऱ्याच्या सगळ्या साधनेचे बळ या थेट भेटीत आहे. म्हणूनच गाभाऱ्यावर हक्क कोणाचा, हा वाद पंढरपुरात कधीच नुसता कारभाराचा नव्हता.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. हयातीत त्यांना आत जाता आले नाही. त्यानंतर कित्येक शतके हीच स्थिती राहिली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात केलेल्या उपोषणानंतर मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा करून गावोगावच्या लोकांचे मन वळवले गेले होते. त्या उपोषणाची आठवण दरवर्षी निघते. त्यानंतरच्या लढ्याची क्वचितच.

दार उघडले तरी आतली व्यवस्था जुनीच राहिली. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, ही पिढीजात हक्काची घराणी. शिवाय विठ्ठलाचे सात सेवाधारी : पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे. बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक स्नानाचे पाणी आणणार, हरिदास पदे म्हणणार, डिंगरे आरसा दाखवणार, दिवटे मशाल धरणार, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणार. प्रत्येक सेवा घराण्यात वाटलेली होती आणि तिच्याबरोबर उत्पन्नातला वाटाही. देवापुढे पडणाऱ्या पैशांवरच्या हक्काचा बडव्यांत लिलाव होई. ज्याने बोली लावून रक्कम भरली, तो ती भाविकांकडून वसूल करणारच. ओवाळणीसाठी अडवणूक, पायांवर टेकवलेले डोके धरून दाबणे, गरीब वारकऱ्याला ढकलून पुढे काढणे, या तक्रारी त्यातूनच आल्या.

तक्रारी वाढल्यावर सरकारने १९६८ साली चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालावरून १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला. वंशपरंपरागत हक्क रद्द, कारभार समितीकडे, असा त्याचा गाभा. बडवे-उत्पात न्यायालयात गेले. अंमलबजावणी १९८५ पर्यंत लांबली आणि मूळ दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला २०१४ चा जानेवारी उजाडला.

बडव्यांची बाजू क्षुल्लक नव्हती. आक्रमणाच्या काळात मूर्ती हलवून लपवणारे आपलेच पूर्वज, ही आठवण त्यांच्या घराघरांत आहे. पिढ्यानपिढ्यांची सेवा आणि पोटापाण्याचे साधन एका कायद्याने काढून घेणे हा धर्मात हस्तक्षेप आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर उत्तर असे की पूजा कशी करावी हा धर्माचा प्रश्न, पण ती कोणी करावी आणि पैसा कोणाकडे जावा हा कारभाराचा. हा भेद वारकऱ्याला पटायला वकिलाची गरज नाही. देव सगळ्यांचा असेल, तर त्याच्यापुढची पेटी एका घराण्याची कशी?

निकालानंतर काही महिन्यांतच समितीने पुजारीपदासाठी अर्ज मागवले. कोणत्याही जातीच्या माणसाला, स्त्रियांनाही, अर्ज करता येणार होता. देशभर त्याची बातमी झाली. १९४७ ला जे दार उघडले, त्याच्या आतले दार खरे म्हणजे तेव्हा उघडले, असे मला वाटते.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर आल्या. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपुरात आल्या. २०२४ मध्ये जतनाच्या कामासाठी मार्च ते जून पदस्पर्श दर्शन बंद ठेवले, फक्त लांबून मुखदर्शन. त्याच कामात मंदिरात तळघर सापडले. आषाढीला देवाचा पलंग काढून ठेवतात, म्हणजे देव झोपत नाही, मंदिर चोवीस तास उघडे राहते, तरी रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. रांगेतल्या माणसाची तक्रार आता बडव्यांविषयी नसते, ओळखीने मधेच आत सोडल्या जाणाऱ्यांविषयी असते. आणि मंदिराभोवतीच्या नियोजित कॉरिडॉरला विरोध करणाऱ्यांत आजूबाजूचे रहिवासी आणि दुकानदार आहेत. आपली घरे आणि पोटाचा धंदा जाईल, ही त्यांची भीती.