लिहिलं जाण्याआधीची ४० वर्षं

येशूला क्रूसावर चढवलं गेलं ते इ. स. ३० च्या सुमारास. त्याच्या जीवनाची हकिकत सांगणारी चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं, बायबलमध्ये आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची. त्यांतलं मार्कचं सर्वांत जुनं. बहुतेक अभ्यासक ते ७० च्या आसपासचं मानतात. म्हणजे मधली सुमारे ४० वर्षं येशूची वचनं, दाखले (बोधकथा) आणि त्याच्या आठवणी मुख्यतः लोकांच्या तोंडी होत्या. त्या तोंडी प्रवासाच्या खुणा बायबलमध्ये आजही सापडतात.

एक खूण सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रात आहे. ५५ च्या आसपास ग्रीसमधल्या करिंथ इथल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, लिहिताना तो म्हणतो की, मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं. पुढे चार छोटी वाक्यं येतात: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला. ‘शास्त्राप्रमाणे’ हे पालुपद त्यात दोनदा येतं. ही घडण पाठांतराची आहे. पत्राच्या बरीच आधी ती ओठांवर रुळलेली असणार.

पण तोंडी सांगितलेलं टिकतं किती? केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली. १९३२ साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले. गोष्ट दर खेपेला आखूड होत गेली, अनोळखी तपशील ओळखीचे झाले. सीलच्या शिकारीची चक्क मासेमारी झाली!

मात्र बार्टलेटचे लोक ती गोष्ट एकेकटे आठवत होते, आणि ती त्यांच्या जगण्यातली नव्हती. मंडळीत तीच वचनं वारंवार कानी पडत. कोणी चुकलं तर टोकणारे समोरच बसलेले असत. शिवाय ‘मागा, शोधा, ठोका’ यांसारख्या वचनांना ठेका आहे, आणि ठेका शब्दांना धरून ठेवतो. तरीही सगळं अक्षरशः टिकलं नाही. येशूनं शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तयात लांब आहे, लूकमध्ये आटोपशीर. माझ्या मते इथे खरं-खोटं ठरवत बसण्यात अर्थ नाही. दोन ठिकाणच्या मंडळ्या ती आपापल्या परीनं म्हणत होत्या, एवढं पुरे. अर्थात शुभवर्तमानांमधलं सगळंच साम्य तोंडी परंपरेतून आलेलं नाही. मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्कचा लिखित मजकूर होता, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात.

लिखाण आल्यावरही तोंडी परंपरा आटली नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिएरापोलिसचा (आजच्या तुर्कस्तानातलं एक शहर) बिशप पापियास सांगतो की, पुस्तकांपेक्षा जिवंत वाणीचा मला जास्त उपयोग होतो. जुन्या शिष्यांच्या सहवासातलं कोणी भेटलं की तो त्यांचे बोल विचारून घेई.

सर्वांत विलक्षण उदाहरण व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडून आणलेल्या स्त्रीचं. येशू वाकून बोटानं जमिनीवर लिहितो आणि निष्पाप माणसानं पहिला दगड टाकावा असं सुचवतो. आज ही गोष्ट योहानाच्या आठव्या अध्यायात आहे. पण योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाहीच! काही हस्तलिखितांत ती योहानाच्या शेवटी, तर काहींत चक्क लूकच्या एकविसाव्या अध्यायानंतर सापडते. तिसऱ्या शतकातल्या सिरियातल्या एका ख्रिस्ती ग्रंथालाही ती माहीत होती. बहुधा ही गोष्ट शुभवर्तमानांच्या बाहेर तोंडी फिरत राहिली. हस्तलिखितांच्या नकला उतरवणाऱ्यांना ती सोडवेना, म्हणून जिथे जमेल तिथे त्यांनी तिला जागा दिली. अनेक आधुनिक आवृत्त्या ती कंसात, तळटीप देऊन छापतात.