कुंपणाचा खड्डा: अरुंद, खोल आणि वापशावर खणलेला

शेताला कुंपण घालायचे ठरले की चर्चा रंगते ती तारेच्या गेजवर, खांबांच्या दरावर आणि जाळी घ्यावी की काटेरी तार यावर. खड्ड्यांचा विषय निघतो तो ‘जेसीबी बोलावू, अर्ध्या दिवसात मोकळे’ एवढ्यापुरता. दोन पावसाळे गेले की खांब कलतात, तारा सैल पडतात आणि दोष खांब विकणाऱ्याला दिला जातो. खांब बहुतेक वेळा चांगलाच असतो. बिघडलेला असतो तो खड्डा.

कुंपणाच्या खांबावर वजन असे फारसे नसते. त्याला सोसायचा असतो आडवा रेटा: तारेचा ताण, अंग घासणारी म्हैस, वादळात जाळीला अडकलेला पालापाचोळा. हा रेटा जमिनीपासून तीन-चार फुटांवर लागतो आणि खांबाला उलटवू पाहतो. त्याला अडवते ती खड्ड्याच्या भिंतीची माती. जसजसे खाली जावे तसतसा वरच्या मातीचा भार वाढतो, म्हणून खालची माती जास्त घट्ट धरते. शिवाय खोली वाढली की तिला तरफेचा लांब हातही मिळतो. त्यामुळे खोलीचा फायदा सरळ प्रमाणात वाढत नाही, झपाट्याने वाढतो. मुरमाड किंवा वाळूसर जमिनीत आखूड खांबांसाठी अभियंते वापरतात ते गणित मांडले, आणि रेटा ४ फूट उंचीवर धरला, तर दीड फुटाऐवजी २ फूट गाडलेला खांब दुपटीहून थोडा जास्त रेटा सोसतो. २ वरून अडीच फुटांवर गेलो तर आणखी पावणेदोन पट. खड्ड्याची रुंदी दुप्पट केली तर? काँक्रीट पूर्ण भरले तरच ताकद फार तर दुप्पट होते, आणि काँक्रीट मात्र चौपट लागते.

हा हिशोब एकराला लावून पाहण्यासारखा आहे. चौरस एकराचा घेर साधारण ८३५ फूट. १० फुटांवर एक धरला तर ८४ खांब. खांब ४ इंची चौकोनी सिमेंटचा, खड्डा २ फूट खोल. १० इंच व्यासाच्या गोल खड्ड्यात खांब वजा जाता सुमारे २५ लिटर काँक्रीट बसते. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात सिमेंटच्या एका गोणीपासून साधारण १५८ लिटर काँक्रीट निघते, म्हणजे एका गोणीत सहा खांब आणि एकराला १३-१४ गोण्या. खड्डा १२ इंची झाला की तेच ३८ लिटर, गोणीला चार खांब, एकराला २० गोण्या. आता जेसीबी घ्या. २ फुटी बकेट खड्डा करते तो किमान २ बाय अडीच फुटांचा. तो काँक्रीटने भरायचा तर खांबाला पावणेदोन गोण्या, एकराला दीडशेच्या आसपास. एवढे कोणी घालत नाही. मग होते काय, तर खांबाच्या बुडाशी दोन घमेली काँक्रीट आणि वर उकरलेली भुसभुशीत माती लोटून पायाने दाबलेली. ज्या मातीने खांब धरायचा तीच आपण उकरून सैल केलेली असते. जेसीबी चर खणायला, झाडांची खोडे उपटायला, बांध सरळ करायला उत्तम. खांबाच्या खड्ड्याला ते चुकीचे यंत्र आहे, कितीही स्वस्तात मिळाले तरी.

म्हणजे हत्यार निवडताना पहिला प्रश्न ‘किती वेगाने खणते’ हा नसून ‘किती अरुंद खणते’ हा आहे. दुसरा प्रश्न जमिनीचा.

हाताने खणायचे असेल तर पहार हेच मुख्य हत्यार. टिकाव फक्त पहिल्या फुटापर्यंत. टिकावाला फिरायला जागा लागते, त्यामुळे खाली जाता जाता खड्डा पसरट होतो. पाच फुटी, सव्वा इंच जाडीची पहार साधारण साडेनऊ किलो भरते, एक इंची सहा किलो. तेवढ्याच उंचीवरून सोडली तर जड पहारीच्या टोकाशी दीडपट मार बसतो. म्हणून मुरमाला जड आणि मातीला हलकी, अशा दोन असाव्यात. एका टोकाला चपटे पाते, दुसरे टोक निमुळते. पाते माती कापायला, टोक मुरमात घुसवून ढेकूळ उचकटायला. काम सुरू करण्यापूर्वी पहार लोहाराकडून पाजवून आणावी. बोथट पहारीने बराच मार वाया जातो. पहारीला दोन फुटांवर चिंधी बांधली की दर वेळी टेप लावायची गरज उरत नाही. उकरलेली माती वर काढायला फावडे चालत नाही. त्याला लागतो डबा किंवा करवंटी, आणि खड्ड्यात खांद्यापर्यंत घातलेला हात. साधारण अडीच फुटांपर्यंत हात पोचतो. त्याहून खोल जायचे तर दोन पात्यांचा, लांब दांड्यांचा चिमट्यासारखा डिगर मिळतो. तो मऊ मातीत छान चालतो, पण तीन फुटांच्या खाली त्याचे दांडे खड्ड्याच्या तोंडाला अडतात आणि पाती उघडत नाहीत.

पेट्रोलवर चालणारा अर्थ ऑगर, म्हणजे स्क्रूसारखे पाते फिरवून गोल खड्डा पाडणारे यंत्र, आता गावोगाव भाड्याने मिळतो. ५२ सीसीचे इंजिन साधारण दोन अश्वशक्तीचे. गिअरबॉक्सनंतर पाते मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास फिरते धरले, तर पिळाचा जोर सत्तर न्यूटन-मीटर येतो. चालवणाऱ्याच्या प्रत्येक हातावर हा जोर दहा-बारा किलोचा पडतो. इतके सहज पेलते. पात्याचा व्यास वाढला की गणित बदलते: कापायची माती वाढते आणि ती मध्यापासून लांबही जाते, त्यामुळे लागणारा पीळ व्यासाच्या वर्गाने वाढतो. ६ इंची पात्याच्या चौपट पीळ १२ इंची पात्याला हवा. लहान इंजिनाला १२ इंची पाते लावून लोक यंत्राला शिव्या देतात, त्यामागे हे आहे. लोखंडी अँगलच्या खांबाला ६ किंवा ८ इंची पाते पुरते. सिमेंटच्या ४ इंची खांबाला १० इंची घ्यावे, कारण ८ इंचीत खांबाच्या कोपऱ्यांपाशी जेमतेम सव्वा इंच फट राहते आणि खडी तिथे अडकून पोकळी राहते.

ऑगर चालवताना वरून रेटायचे नसते. पात्याला स्वतःच्या चालीने उतरू द्यावे आणि दर सहा इंचांना फिरते ठेवूनच वर उचलून माती बाहेर फेकू द्यावी. एका दमात दीड फूट उतरवले की पाते स्क्रूसारखे जमिनीत रुतते, वरची माती त्याला दाबून धरते आणि ते निघत नाही. तसे झाले तर इंजिन बंद करून पाते हाताने उलटे फिरवावे. वर ओढण्यात कंबर जाते. मुठीएवढा गोटा लागला की पाते अडते आणि यंत्र चालवणाऱ्याला फिरवते. मनगट मुरगळते ते या वेळी. म्हणून गोट्यांच्या जमिनीत दोन माणसांचे हँडल, अर्धा थ्रॉटल, आणि खडखड ऐकू आली की थांबून पहारीने गोटा काढणे. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे. २५ ला १ लिहिले असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली.

शंभराहून जास्त खांब असतील आणि बांधाकडेने ट्रॅक्टर फिरायला जागा असेल तर पीटीओवरचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या दांड्याला जोडलेला, ऑगर सगळ्यात सोयीचा. ९ आणि १२ इंची पाती, तीन फूट खोली. यात शिअर बोल्ट असतो, तो दगड लागल्यावर तुटण्यासाठीच असतो. तो सारखा तुटतो म्हणून जाड बोल्ट घातला की पुढचा बळी गिअरबॉक्सचा. फिरत्या पीटीओ शाफ्टपाशी उपरणे, पदर, सैल बाही काहीही नको. माती बाजूला सारायची ती ऑगर थांबल्यावरच.

दोन्ही प्रकारच्या ऑगरमध्ये एक गोष्ट हमखास राहते: तळाला दोन-तीन इंच सुटी माती. ती डब्याने काढून तळ पहारीच्या बुडाने ठोकला नाही तर खांब पहिल्याच पावसात खचतो.

काळी माती

विदर्भ, मराठवाडा आणि घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या खोल काळ्या जमिनीत खरा शत्रू वेगळाच आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे, आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या आत शिरते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खांब या हालचालीत दरवर्षी वर ढकलला जातो आणि परत पूर्ण खाली बसत नाही.

खणण्याची वेळ इथे हत्याराहून महत्त्वाची. मे महिन्यात काळी माती इतकी टणक होते की पहार उडते. पावसाळ्यात तीच ऑगरच्या पात्याला लोण्यासारखी चिकटते, आणि ती खरवडण्यातच दिवस जातो. दसऱ्यानंतर वापसा आला, म्हणजे जमीन चिखलही नाही आणि टणकही नाही अशी झाली, की माती कापली जाते, चिकटत नाही आणि खड्ड्याची भिंत उभी राहते. उन्हाळ्यातच खणायचे असेल तर रुळलेली युक्ती म्हणजे आदल्या संध्याकाळी वीतभर खड्डा करून त्यात चार-पाच लिटर पाणी ओतणे. कोरड्या चिकणमातीचे कण बारीक फटींतल्या पाण्याच्या ओढीने एकमेकांना जखडलेले असतात. पाणी भरले की ती ओढ संपते आणि माती सकाळी नरम मिळते. पण अशा खड्ड्यात लगेच काँक्रीट ओतू नये. भिंत फुगलेली असते; ती वाळून मागे सरली की काँक्रीटभोवती बोटभर फट पडते आणि खांब त्या फटीत हलत राहतो. दोन-तीन दिवस खड्डा उघडा ठेवून भिंत मूळच्या ओलीवर येऊ द्यावी. उघडे खड्डे झाकावेत, नाहीतर रात्री जनावराचा पाय जातो.

ओलसर काळ्या मातीत ऑगर भिंतीला घोटून गुळगुळीत करतो. काँक्रीटला तिथे पकड मिळत नाही. पहारीच्या टोकाने भिंतीवर चार-पाच आडवे ओरखडे काढले की पुरे.

खड्ड्याचा आकारही बघावा. वर रुंद आणि खाली निमुळता, गाजरासारखा खड्डा काळ्या मातीत सगळ्यात वाईट, कारण फुगणाऱ्या मातीला काँक्रीट खालून उचलायला उतारच मिळतो. उलट तळाशी पहारीने चारी बाजूंनी दोन-दोन इंच पोखरून घ्यावे. काँक्रीटचा तो फुगीर पाय खांबाला खाली धरून ठेवतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतल्या इमारतींसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलचे तत्त्व हेच. तिथे बुडाचा कंद कितीतरी मोठा आणि खोली काही मीटर असते. कुंपणाला तेवढे नको, पण काळ्या मातीत दोनऐवजी अडीच फूट जावेच.

मुरूम, पाषाण, जांभा

मुरमाड जमीन खणताना त्रास देते आणि नंतर सुख देते. इथे काँक्रीटशिवायही खांब घट्ट बसतो, ठोकणी नीट असेल तर. उकरलेला मुरूम किंचित ओला करून सहा-सहा इंचांच्या थरांत पहारीच्या बुडाने ठोकावा. काम नीट झाले की नाही, हे उरलेल्या मुरमावरून कळते. ४ इंची खांब २ फुटांत सहा लिटर जागा घेतो. ठोकणी चांगली असेल तर साधारण तेवढाच मुरूम उरतो. दोन घमेली उरली तर खड्ड्यात पोकळी आहे, परत उकरा.

फूटभरावर काळा पाषाण लागला तर आधी खांबाची जागा फूट-दोन फूट सरकवून पाहावी; सगळे खांब मोजून दहा फुटांवरच हवेत असा नियम नाही. सरकवून भागत नसेल तर दगड फोडणारा ब्रेकर. ऑगर पाषाणावर फक्त घासतो, दात झिजतात. एकसंध पाषाणात फूटभर खोली पुरते, कारण भिंत हलत नाही. मात्र तो एकसंध आहे की सुटा धोंडा, हे पहारीच्या आवाजावरून ओळखावे: खणखणीत वाजला तर पाषाण, बद्द वाजला तर खाली माती आहे आणि धोंडा निघू शकतो.

कोकणात आणि गोव्यात सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळ-पठारावरचा, जांभा उलट वागतो. हवेला उघडा पडलेला वरचा थर कठीण, आतला जांभा त्या मानाने मऊ. पहिल्या फुटाला घाम निघतो, दुसरा लवकर उतरतो. कवच टिकावाने किंवा ब्रेकरने फोडून पुढे पहार घ्यावी. चिरे हाताशी असतील तर खांब सोडून सरळ दगडी गडगा रचलेला बरा, असेही तिथे पुष्कळदा ठरते, आणि त्यात चूक काही नाही.

कोपऱ्याचे खांब वेगळे हिशोबात धरावेत. मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना सारखाच ताण असतो, तो एकमेकांना तोलतो. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबावर मात्र सगळा ताण येतो. पाच तारा प्रत्येकी ६० किलो ताणाने ओढल्या तर तीनशे किलो. त्यांचा खड्डा ३ फूट, व्यास १२ इंच, आणि तारेच्या रेषेत आतल्या बाजूने तिरपा टेका. टेक्याच्या पायालाही दीड फुटी खड्डा आणि त्याखाली सपाट धोंडा लागतो, नाहीतर टेका मातीत रुतत जातो आणि खांब त्याच्यामागे जातो. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर घेऊन बाहेर उतार द्यावा, सात दिवस गोणपाट ओले ठेवावे आणि तार त्यानंतरच ओढावी. भर उन्हात ओढली तर थोडी ढिली ठेवावी. २५ अंशांच्या फरकाने १०० मीटर पोलादी तार ३० मिलिमीटर आखडते आणि डिसेंबरच्या पहाटे तो सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो.