बाळाच्या बाटलीत साखर येते कुठून?

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या मुलांबद्दल बोलण्याआधी एक साधा हिशेब. ऑस्ट्रेलियात कोलाचा नेहमीचा कॅन ३७५ मिलिलिटरचा असतो. त्यात जवळपास ४० ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे दहा चमचे. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण हजार कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की पदार्थात वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हव्यात, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्या तर जास्त चांगलं. पाच टक्क्यांचा हिशेब धरला तर या मुलाच्या वाट्याला दिवसाला १२-१३ ग्रॅम साखर येते. एक कॅन पोटात गेला की तीन दिवसांची साखर संपली.

इतकी साखर खाऊन मुलाचं पोट भरत असतं तरी एक वेळ समजून घेता आलं असतं. पण प्यायलेल्या कॅलरींची नोंद शरीर नीट घेत नाही. पोळी किंवा भात खाल्ल्यावर भूक जशी शमते, तशी गोड पाण्याने शमत नाही. मूल तेवढंच जेवतं आणि साखर वर जादा जाते. किंवा उलट होतं, घोट घोट गोड पीत राहिलेलं मूल जेवायलाच नको म्हणतं आणि प्रथिनं, लोह राहून जातं. वाढीच्या वयात दोन्ही वाईट.

तोंडात काय होतं ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. दातांवर बसणाऱ्या चिकट थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचे जिवाणू राहतात. साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), ५.५च्या खाली उतरला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हे आम्ल धुऊन काढते, गेलेली खनिजं थोडीफार परत भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणाबरोबर एकदाच गोड खाल्लं तर लाळेला हे काम उरकता येतं. बाटली हातात घेऊन घरभर फिरणारं मूल दर थोड्या वेळाने घोट घेतं, तेव्हा लाळेला उसंतच मिळत नाही. तीच बाटली तोंडात ठेवून ते झोपलं तर आणखी बिकट, कारण झोपेत लाळ फारच कमी सुटते. त्यात दुधाच्या दातांचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ. वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, आधी खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. ओठ वर उचलून पाहिल्याशिवाय तो कुणाच्या ध्यानात येत नाही. मग तो पिवळट होतो, तपकिरी होतो आणि एक दिवस दाताचा तुकडा पडतो. खालचे पुढचे दात मात्र बहुतेकदा शाबूत राहतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर आलेली असते. दाढा किडल्या तर दोन-तीन वर्षांचं मूल दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसत नाही, त्यामुळे अनेकदा त्याला पूर्ण भूल देऊनच दात काढावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम वस्तीतल्या कुटुंबासाठी याचा अर्थ डार्विन किंवा ॲलिस स्प्रिंग्ज अशा दूरच्या शहरापर्यंतचा प्रवास.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजांच्या मुलांमध्ये दातांची कीड इतर ऑस्ट्रेलियन मुलांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. साखरेचं चित्रही तसंच. २०१२-१३च्या राष्ट्रीय पाहणीत या समाजातली व्यक्ती सरासरी दिवसाला ७५ ग्रॅम, म्हणजे १८ चमचे साखर घेत होती. इतर ऑस्ट्रेलियन लोकांपेक्षा ती सुमारे १५ ग्रॅम जास्त होती आणि तिचा बराच मोठा भाग पेयांमधून येत होता.

असे आकडे समोर आले की लगेच एक निष्कर्ष निघतो: आयांना कळत नाही, त्यांना शिकवा. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो, आणि उपलब्ध पुरावाही त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

२००८ साली ऑस्ट्रेलियात ‘फूटप्रिंट्स इन टाइम’ नावाचा एक अभ्यास सुरू झाला. ११ ठिकाणच्या १,६७१ मूळ रहिवासी मुलांची नावं पहिल्या फेरीत नोंदली गेली. काही तेव्हा रांगणारी बाळं होती, काही शाळेच्या उंबरठ्यावरची. दरवर्षी त्यांच्या घरी जाऊन आईशी किंवा सांभाळणाऱ्या माणसाशी बोलायचं, मूल काय खातं-पितं, घर कसं आहे, ताण किती आहे, सगळं विचारायचं. विचारणारी माणसंही त्याच समाजांतली, आणि अभ्यासाच्या समितीचं अध्यक्षपद यावुरू समाजातले कायदेपंडित मिक डॉडसन यांच्याकडे. ज्या समाजांना शतकभर बाहेरच्यांनी मोजलं, तपासलं आणि निकाल सुनावले, तिथे हा फरक फार मोलाचा आहे.

या अभ्यासातल्या तीन वर्षांच्या आतल्या मुलांची माहिती ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तपासली. जवळपास निम्म्या मुलांनी तोवर गोड पेय चाखलेलंही नव्हतं. ही गोष्ट बातम्यांत क्वचितच येते, म्हणून मुद्दाम सांगावीशी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या २०१२च्या बालआहार सूचनांमध्ये पहिल्या वर्षात गोड पेय आणि फळांचा रस दोन्ही टाळा असं म्हटलं आहे. असंख्य कुटुंबं अवघड परिस्थितीतही बाळाला साखरेपासून लांब ठेवत होती. मग कुणाच्या बाळाला गोड पेय मिळालं आणि कुणाच्या नाही, हा फरक कशाने पडत होता? शहरापासून अंतर, वस्तीची गरिबी, आईचं शिक्षण, तिच्या मनावरचा ताण. डॉक्टर किंवा नर्सने बाळाच्या आहाराबद्दल नीट माहिती दिली होती का, यानेही फरक पडत होता. म्हणजे माहितीचा उपयोग होतो. पण माहितीच्या जोडीला उभी असलेली बाकीची यादी पाहिली तर त्यातलं बहुतेक काही एकट्या आईच्या हातात नाही.

सगळ्यात आधी पाणी. न्यू साउथ वेल्स राज्यातलं वॉलगेट हे गाव नद्यांच्या काठी वसलेलं आहे आणि तिथे मूळ रहिवाशांची वस्ती मोठी आहे. नद्यांचं पाणी आटलं, तेव्हा गावाच्या नळाला खोल बोअरचं पाणी आलं. त्या पाण्यात सोडियम लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या वर होतं. ऑस्ट्रेलियात चवीसाठी म्हणून घालून दिलेली मर्यादा १८० आहे. हे पाणी पेल्यात घेतलं की खारट लागतं, चहा बिघडतो, आणि ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्यासाठी ते घातक. गावातल्या ज्येष्ठांच्या धारिवा एल्डर्स ग्रुपने आणि तिथल्या ॲबोरिजिनल आरोग्य केंद्राने हा प्रश्न लावून धरला, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या लोकांना सोबत घेऊन पाणी तपासून घेतलं. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला लारांबा नावाची वस्ती आहे, तिथे नळाच्या पाण्यात युरेनियम मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतं. जमिनीतल्या खडकांतून नैसर्गिकरीत्या उतरलेलं. रहिवासी न्यायाधिकरणात गेले, वर्षानुवर्षं लढले, तेव्हा कुठे २०२३ मध्ये तिथे शुद्धीकरण यंत्रणा आली. अशा गावात नर्सने ‘बाळाला पाणी पाजा’ म्हटलं तर आईने कोणतं पाणी पाजायचं?

मग वीज. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातल्या दुर्गम वस्त्यांमध्ये वीज आगाऊ पैसे भरून घ्यावी लागते. मीटरवरचे पैसे संपले की दिवे, पंखा, फ्रीज सगळं बंद. २८ वस्त्यांमधल्या सुमारे ३,३०० घरांच्या मीटरच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०१८-१९ या एका वर्षात ९१ टक्के घरांची वीज निदान एकदा तुटली होती, आणि ७४ टक्के घरांची दहापेक्षा जास्त वेळा. कडाक्याच्या उन्हात हे प्रमाण आणखी वाढतं, कारण तेव्हाच वीज जास्त लागते. फ्रीज बंद पडला की दूध नासतं, फळं-भाज्या सडतात. कोला आणि सिरपची बाटली महिनाभर बाहेर राहिली तरी तिला काही होत नाही. पोषणाच्या पुस्तकात फ्रीजच्या मीटरवर प्रकरण नसतं. ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि दुकान. बहुतेक दुर्गम वस्त्यांत दुकान एकच. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, माल बोटीने किंवा विमानाने येतो, ताजी भाजी महाग आणि कोमेजलेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तरेकडच्या तीन वस्त्यांच्या दुकानांतली विक्री तपासली होती. अन्नावरच्या एकूण खर्चापैकी १५.६ टक्के खर्च साखर घातलेल्या पेयांवर झाला होता, भाज्यांवर ५.४ टक्के आणि फळांवर २.२ टक्के. लोकांच्या आहारातल्या ऊर्जेचा चौथा ते तिसरा हिस्सा साखरेतून येत होता.

ही चव त्या भूमीची नाही. तिथे गोड म्हणजे डंख नसलेल्या लहान माश्यांचा मध, मधमुंग्यांच्या पोटातला रस, फुलांतला मकरंद. शोधायला दिवस घालवावा तेव्हा मूठभर हाती यायचं. साखर रोजच्या जेवणात आली ती शिध्यातून. मिशनमध्ये आणि गुरांच्या प्रचंड कुरणांवर मूळ रहिवाशांना कामाच्या बदल्यात पीठ, साखर, चहा, तंबाखू आणि मांस मिळायचं. रोख मजुरी नाही, मिळाली तर नावापुरती. १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे गुरिंजी या मूळ रहिवासी समाजाच्या लोकांनी वेव्ह हिलच्या कुरणावरचं काम सोडलं, त्यामागे मजुरीचा प्रश्न होता आणि त्याहून मोठा जमिनीचा. आज ज्या आजीच्या मांडीवर नातवंड आहे, तिचं स्वतःचं लहानपण त्या शिध्यावर गेलेलं असू शकतं. इतक्या जवळचा हा इतिहास आहे.

आता उपायांकडे येऊ, कारण इथे खरोखर काही चांगलं घडलं आहे.

पहिला प्रयोग किमतीचा. २० वस्त्यांतल्या दुकानांत २४ आठवडे फळं, भाज्या, पाणी आणि बिनसाखरेची पेयं २० टक्के स्वस्त केली. फळं-भाज्यांची खरेदी १२.७ टक्क्यांनी वाढली. स्वस्ताई उपयोगी पडली, पण साखरेची पेयं समोर तशीच होती आणि त्यांचा खप त्यामुळे उतरला नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अर्नहेम लँड प्रोग्रेस ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन ही १९७२ पासूनची, मूळ रहिवाशांच्या मालकीची संस्था. ती बरीच दुकानं स्वतः चालवते. तिने मोनॅश विद्यापीठाच्या ज्युली ब्रिम्बलकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर २०१८ मध्ये २० दुकानांत एक चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मी दुकानं निवडली आणि त्यांत १२ आठवडे मांडणी बदलली. गोड पेयांच्या जाहिराती आणि सवलती बंद. दर्शनी भागातून ती हलवली. ६०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या फ्रीजमधून काढल्या. हव्या असतील तर घ्या, पण थंडगार मिळणार नाहीत. कोणत्या पेयात किती साखर आहे ते दाखवणारे स्टिकर जमिनीवर चिकटवले. किंमत एका पैशाने वाढवली नाही, काहीही विकायचं बंद केलं नाही. इतक्याने विकल्या गेलेल्या सगळ्या खाण्यापिण्यातली साखर २.८ टक्क्यांनी कमी झाली आणि दुकानांचा नफा घटला नाही. २.८ हा आकडा लहान दिसेल. पण तो दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला धरून आहे, बारा आठवड्यांतला आहे, आणि कुणालाही उपदेश न करता मिळालेला आहे. दुकानाची मालकी वस्तीची असल्यामुळे हा निर्णय तिचा स्वतःचा होता, आणि मला वाटतं खरी ताकद तिथेच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या केप यॉर्कमधल्या अपुनिपिमा या आरोग्य संस्थेनेही गोड पेयांविरुद्धची मोहीम स्थानिक बोलीतच केली: ‘शुगरी ड्रिंक्स प्रॉपर नो गुड, ड्रिंक मोर वॉटर यूफला.’ म्हणजे गोड पेयं अजिबात चांगली नाहीत, तुम्ही सगळे जास्त पाणी प्या. दातांसाठी वेगळी तजवीज लागते. नॉर्दर्न टेरिटरीतल्या ३० वस्त्यांमध्ये लहान मुलांच्या दातांना दर सहा महिन्यांनी फ्लोराइडचा लेप लावला आणि घरच्यांशी बोलत राहिले, तेव्हा दोन वर्षांत नवी कीड २४ ते ३६ टक्क्यांनी कमी झाली. लेप लावायला दोन-चार मिनिटं लागतात, भूल लागत नाही.

कराचा मार्ग अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या नवाहो नेशन या स्वशासित प्रदेशाने धरला. २०१४ मध्ये त्यांच्या परिषदेने फळं-भाज्यांवरचा विक्रीकर काढून टाकला आणि निकृष्ट खाण्यावर, त्यात गोड पेयंही आली, २ टक्के जादा कर लावला. तो पैसा गावांच्या आरोग्याच्या कामांसाठी ठेवला. नवाहो प्रदेशातल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत नळ नाही, म्हणजे पाण्याचा प्रश्न तिथेही आहेच. ऑस्ट्रेलियात साखरेच्या पेयांवर वेगळा कर अजून नाही. भारतात सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण वायू न घातलेल्या, फळांचा गर किंवा रस घातलेल्या पेयांवर तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आंब्याचं चित्र असलेल्या बाटलीतली साखरही बाळाच्या दातावर तेच काम करते.

वॉलगेटमध्ये ज्येष्ठांच्या पुढाकाराने पिण्याच्या गाळलेल्या, थंड पाण्याचं केंद्र उभं राहिलं. खारट पाणी नको असलेली माणसं तिथे मोफत भरून नेऊ लागली. पण केंद्रापर्यंत चालत जावं लागतं, उन्हात, कडेवर मूल घेऊन. म्हणून ज्येष्ठांची मागणी तेवढ्यावर थांबलेली नाही: घराघरातल्या नळाला पिण्याजोगं पाणी हवं.