मिसफायरचे निदान व दोषसंकेत (जुन्या पेट्रोल मोटारी)

ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनात एखाद्या सिलिंडरमधील इंधन-हवेचे मिश्रण ठरल्या क्षणी न पेटणे किंवा अर्धवट पेटून विझणे म्हणजे मिसफायर. गॅरेजमध्ये 'गाडी मिसिंग करते' अशी तक्रार येते ती बहुधा याच दोषाची. कारण ठिणगीत, इंधनपुरवठ्यात किंवा सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (मिश्रण दाबले जाण्यात) असू शकते. प्रस्तुत नोंदीत इग्निशनशी (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेशी) संबंधित मिसफायर आणि गाडीच्या संगणकाने (ईसीयू) साठवलेले दोषसंकेत यांचा विचार केला आहे. 'जुनी मोटार' या सदरात डिस्ट्रिब्यूटरच्या गाड्यांपासून २०१३ च्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांपर्यंतची वाहने धरली आहेत.

जुन्या इग्निशन यंत्रणेत बॅटरी, कॉइल, कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्यूटर हे मुख्य भाग असतात. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने ही मांडणी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी पुरवली. पॉइंट उघडताच कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतील प्रवाह तुटतो, दुय्यम गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि तो डिस्ट्रिब्यूटरच्या रोटर व कॅपमधून फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या ठरलेल्या क्रमाने, प्लगपर्यंत पोहोचतो. चार सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत ही ऑर्डर १-३-४-२ असते. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात ती १-३-२ आहे. अशा कार्ब्युरेटरच्या गाड्यांत दोष साठवणारी यंत्रणाच नसल्याने निदान कान, डोळे आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) यांवरच चालते.

उगम: गाडीने स्वतःचा दोष स्वतः सांगण्याची सुरुवात कोणी केली याबद्दल एकमत नाही. फोक्सवॅगनच्या टाइप ३ मोटारीला १९६७-६८ च्या सुमारास बॉशची डी-जेट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली बसवण्यात आली आणि काही लेखक स्वनिदानाचा आरंभ तेथेच मानतात. या मताला एक अडचण आहे. ते नियंत्रक ॲनालॉग पद्धतीचे होते आणि त्यात दोष साठवणारी स्मृती नव्हती. याच कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी गाड्यांना जो निदान-सॉकेट दिला, तोही गाडीतील तारा कार्यशाळेतील बाहेरच्या यंत्राला जोडण्यापुरता होता. मोजमाप यंत्र करत असे, गाडी नव्हे. दोष ओळखणे, तो साठवणे आणि चालकाला दिव्याने सांगणे या तिन्ही गोष्टी एकत्र येणे हा निकष धरला, तर १९८०-८१ मधील जनरल मोटर्सच्या प्रणालीला अग्रक्रम द्यावा लागतो. त्यातील 'चेक इंजिन' दिवा निदान-सॉकेटमधील दोन टोके जोडली की लुकलुकून आकडे सांगत असे. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून पहिल्या पिढीची ऑन-बोर्ड निदान प्रणाली (ओबीडी) सक्तीची केली. मात्र तिच्यात मिसफायरवर देखरेख अपेक्षित नव्हती. त्या काळातील लुकलुकते संकेत कंपनीगणिक वेगळे होते आणि ते विद्युत परिपथाबद्दल बोलत. उदाहरणार्थ, टोयोटाच्या अनेक गाड्यांत १४ हा संकेत इग्नायटरकडून (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाकडून) ईसीयूला परतणारा संदेश येत नसल्याचे दाखवतो, तर होंडाच्या गाड्यांत १५ हा संकेत इग्निशनच्या आउटपुट संदेशाचा असतो. ठिणगी पडूनही मिश्रण पेटले नाही, तर या प्रणाली गप्प राहतात. मिसफायरचा स्वतंत्र संकेत ओबीडीच्या दुसऱ्या पिढीबरोबर आला. अमेरिकेत ती १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व नव्या मोटारींना लागू झाली. युरोपीय संघात पेट्रोल मोटारींसाठी समकक्ष नियम २०००-०१ मध्ये आले.

मिसफायर ओळखण्याची पद्धत: दुसऱ्या पिढीतील बहुतेक गाड्या क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म चढउतारावरून मिसफायर ओळखतात. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट होतो. मिनिटाला ३,००० फेरे असताना या अर्ध्या फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. एखादा स्फोट चुकला की त्याच्या वाट्याचा अर्धा फेरा किंचित लांबतो. क्रँकवरच्या दातेरी चाकामुळे (६० दात्यांच्या जागा, त्यांतील दोन रिकाम्या, ही एक प्रचलित रचना) हा फरक मोजता येतो. इंजिनाचा वेग जास्त आणि भार कमी असेल तर फरक अतिशय लहान होतो. चाकाच्या दात्यांतील घडणीच्या चुकाही त्याच मापाच्या असतात. म्हणून ईसीयू प्रत्येक चाकाची चूक आधी शिकून घेतो. सिलिंडर जितके अधिक, तितके काम अवघड.

खडबडीत रस्त्यावर चाकांचे धक्के ड्राइव्हशाफ्टमधून उलट क्रँकपर्यंत पोहोचतात आणि ते मिसफायरसारखेच दिसतात. त्यामुळे काही गाड्या एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाक-सेन्सरवरून रस्ता ओळखून तेवढ्यापुरती देखरेख थांबवतात. दुसरी पद्धत आयन प्रवाहाची, म्हणजे जळत्या वायूतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युत प्रवाहाची. साब कंपनीने डायरेक्ट इग्निशनच्या मोटारींत ठिणगीनंतर प्लगवर साधारण ८० व्होल्टचा दाब ठेवून ज्वलन झाले की नाही हे प्लगकडूनच जाणून घेतले. तांत्रिकदृष्ट्या ही पद्धत अधिक थेट आहे. तरीही क्रँक सेन्सर गाडीत आधीपासूनच असल्याने पहिली पद्धत सर्वत्र रूढ झाली.

ईसीयू दोन हिशेब ठेवतो. सामान्यतः २०० फेऱ्यांच्या गटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणाऱ्या भागाला) इजा होण्याइतके मिसफायर आढळले तर दिवा लुकलुकतो. सुमारे १,००० फेऱ्यांच्या गटात प्रदूषण वाढवणारे प्रमाण आढळून ते पुन्हा दुसऱ्या वेळच्या चालवण्यातही दिसले, तर दिवा स्थिर पेटतो. लुकलुकणारा दिवा गांभीर्याने घ्यावा. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतील सिरॅमिकची जाळी वितळू शकते.

संकेतांचा अर्थ: पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत किंवा अनियमित मिसफायर, पी ०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३५१ पासूनचे संकेत कॉइलच्या परिपथाचे आहेत. पी ०३०३ हा संकेत तिसऱ्या सिलिंडरच्या वेळी क्रँक मंदावला एवढेच सांगतो; प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे तो सांगत नाही. केवळ संकेत वाचून सुटे भाग बदलत जाण्याची प्रथा म्हणूनच खर्चिक आणि चुकीची आहे. व्ही आकाराच्या इंजिनांत पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा हे कंपनीनुसार बदलते, ते आधी पाहावे.

कॉइल प्रत्येक प्लगवर स्वतंत्र असेल तर संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवतात. संकेत कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. तो जागीच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते त्या रचनेत १ आणि ४ दोन्ही चुकत असतील तर कॉइल, एकच चुकत असेल तर तार किंवा प्लग, असा कयास बहुधा खरा ठरतो. चढावर किंवा ॲक्सिलरेटर दाबताच वाढणारे मिसफायर इग्निशनकडे बोट दाखवते, कारण सिलिंडरमधील दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. आयडलिंगला जास्त आणि वेगात कमी असेल तर इनटेक मॅनिफोल्डची हवागळती आधी शोधावी. सीएनजीवर चालवलेल्या गाडीत व्होल्टेजची गरज पेट्रोलपेक्षा अधिक असते, त्यामुळे जुन्या तारेचा दोष तिथे लवकर उघड होतो. कोकणातील आणि मुंबईतील पावसाळ्यात कॅपमधील ओल व तडा हे डिस्ट्रिब्यूटरच्या गाड्यांतील नेहमीचे कारण. रात्री बॉनेट उघडून पाहिल्यास तारांवर निळसर ठिणग्या दिसतात.

पी ०१७१ हा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा संकेत मिसफायरबरोबर आला तर घाई करू नये. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल नव्हे, ऑक्सिजन मोजतो. न पेटलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन त्याच्यापर्यंत जातो आणि तो मिश्रण पातळ असल्याची चुकीची खबर देतो. इंजिन चालू असताना एकेक प्लगची तार काढून पाहण्याची जुनी रीत पॉइंटच्या गाडीत चालून जात असे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये तिने कॉइल आणि मॉड्यूल निकामी होऊ शकतात आणि मेकॅनिकला जोराचा झटका बसतो. तेथे स्पार्क टेस्टर वापरावा. बॅटरी काढून दिवा घालवणेही टाळावे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याने संकेताबरोबर त्या क्षणीचा वेग, भार आणि तापमान यांची साठवलेली नोंद पुसली जाते.

भारतातील स्थिती: भारत स्टेज ४ ही वाहन-प्रदूषणाची मानके १ एप्रिल २०१० रोजी दिल्ली परिसर आणि मुंबई, पुणे, सोलापूर आदी शहरांत लागू झाली व त्यांच्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आला. त्यात मुख्यतः परिपथांची अखंडता तपासली जाते. मिसफायरवरील देखरेख १ एप्रिल २०१३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आली. त्यामुळे मधल्या काळातील गाडीला सोळा पिनांचा सॉकेट असूनही पी ०३०० मालिकेतील संकेत मिळेलच असे नाही. निर्यातीसाठीही बनणाऱ्या मॉडेलांत तो आढळू शकतो.

पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. भारत स्टेज २ व ३ च्या पेट्रोल मोटारींसाठी मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. आयडलिंगलाही एखादा सिलिंडर चुकत असेल तर हायड्रोकार्बन लगेच वाढतो. केवळ भाराखाली चुकणारी गाडी मात्र या उभ्या तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते.